प्रौढांचे निदान आणि शहाण्यांचे आक्षेप

आपल्या सुशिक्षित समाजाची एक खोड मोठी चमत्कारिक आहे. जी गोष्ट लहान मुलाविषयी सांगितली असता आपण करुणेने ऐकतो, तीच एखाद्या प्रौढाने स्वतःविषयी सांगितली की आपणांस ती ढोंग वाटू लागते. चार वर्षांचे मूल हाकेला ओ देत नाही म्हणून आईबाप त्यास तज्ज्ञाकडे घेऊन गेले, तर आपण त्यांचे धैर्य वाखाणतो. पण चाळिशीतला एखादा पदवीधर, नोकरदार, संसारी मनुष्य 'मला ऑटिझम अथवा एडीएचडी आहे की काय, हे तपासून घ्यावे म्हणतो' असे बोलला, की दिवाणखान्यात हशा पिकतो. या हशामागे जे युक्तिवाद उभे असतात, त्यांचा समाचार घेणे अगत्याचे झाले आहे.

पहिला आक्षेप वडीलधाऱ्यांचा: 'आमच्या वेळी असले काही नव्हते.' नव्हते ते नाव, माणसे होतीच. वेंधळा, धांदरट, विसरभोळा, तऱ्हेवाईक, एककल्ली, माणूसघाणा, चक्रम ही सारी विशेषणे आपल्या भाषेत काय हवेतून आली? हिणविण्यास डझनभर शब्द आणि समजून घेण्यास एकही नाही, अशी ही श्रीमंती! शास्त्राने मात्र या माणसांची दखल बरीच आधी घेतली होती. अनावर, चंचल मुलांचे वर्णन जॉर्ज स्टिल या बालवैद्याने लंडनच्या व्याख्यानांत १९०२ सालीच केले. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांचा वृत्तांत १९४३ साली प्रसिद्ध केला, आणि व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांचा निबंध लगेच १९४४ साली निघाला. 'ऑटिझम' हा शब्द त्याहूनही जुना. ब्लॉयलर या स्विस वैद्याने तो 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून निराळ्याच विकाराच्या संदर्भात घडविला होता. आपण त्याचे 'स्वमग्नता' असे भाषांतर केले आणि भाषांतराबरोबर एक निवाडाही देऊन टाकला. ट्यूबलाइटची घरघर, कुकरची शिट्टी, लग्नमंडपातला गलका ज्याच्या अंगावर कोसळतो, त्या माणसाला जग उणे नसून असह्य होण्याइतके अधिक असते. त्यास 'स्वतःत मग्न' म्हणणे म्हणजे पुरात सापडलेल्यास जलक्रीडेची हौस आहे असे म्हणण्यासारखे होय.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे, आणि तो दुर्दैवाने काही वैद्यांच्याही तोंडी ऐकू येतो: 'शिकलात, नोकरीस लागलात, लग्न केलेत, माझ्या डोळ्यांस डोळा भिडवून बोलता आहात, मग कसला ऑटिझम?' या शहाण्यांनी कॅनर यांच्या ११ मुलांपैकी पहिल्याचे पुढे काय झाले, हे पाहावे. डोनाल्ड ट्रिप्लेट हे त्याचे नाव. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या गावी त्याने बँकेत अनेक वर्षे नोकरी केली; तो मोटार हाकी, गोल्फ खेळे, प्रवास करी; आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी निवर्तला. ज्याच्यापासून या निदानाचा इतिहास सुरू झाला, तोच जर नोकरी करून गेला, तर नोकरी हा निदानाविरुद्ध पुरावा कसा ठरतो? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली जी निदानसंहिता काढली, तिच्यातच स्पष्ट म्हटले आहे की, लक्षणे बालपणापासूनची असली तरी समाजाच्या मागण्या झेपेनाशा होईपर्यंत ती पुरती प्रकट होत नाहीत, किंवा पुढे शिकलेल्या युक्त्यांनी ती झाकली जातात. म्हणजे झाकलेपण हे शास्त्रास ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आपणांस.

वादाचे मर्म येथेच आहे. प्रौढाच्या बाबतीत तो काय करू शकतो हे पाहून भागत नाही. ते करण्यास त्यास काय मोजावे लागते, हे पाहिले पाहिजे. एक कारकून टेलिफोन करण्यापूर्वी प्रत्येक वाक्य कागदावर लिहून काढतो. एक गृहिणी हळदीकुंकवात तीन तास हसतमुखाने वावरते आणि पुढचे दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहते. एका इंजिनियराची बुद्धी सर्वांस मान्य. पण विजेचे बिल पैसे असूनही दर महिन्यास दंडासह भरले जाते, आणि प्रत्येक काम मुदतीच्या आदल्या रात्री जीव टांगणीला लावून पुरे होते. तिघेही जगाच्या परीक्षेत उत्तीर्ण आहेत. परंतु जमेची बाजू वाचून खर्चाचे पान उलटायचेच नाही, हा हिशेब कोणत्या पेढीवर चालेल?

सरकारी हिशेब तरी निराळा आहे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश झाला, हे चांगलेच झाले. एडीएचडीला मात्र त्या यादीत स्थान नाही. ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी त्याच वर्षी जी भारतीय मोजपट्टी अधिसूचित झाली, तिच्यात ४० बाबी आहेत. अमुक वर्तन किती वेळा दिसते, यावर प्रत्येक बाबीस १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या आत आली तर ऑटिझम नाही. मुलांसाठी ही पट्टी उपयोगी असेल. पण ज्याने तीस वर्षे खपून ते वर्तन दिसू न देण्याचा अभ्यास केला, त्याच्या पुढे 'क्वचित' हाच शेरा पडणार. त्याच्या कष्टाचे बक्षीस म्हणून त्याचा दावाच खारीज! प्रमाणपत्र आणि निदान या दोन वस्तू भिन्न आहेत, हे खरे; परंतु दिसण्यावरून मोजण्याची सवय एकदा जडली की ती कचेरीतून दवाखान्यात शिरावयास वेळ लागत नाही.

तिसरा आक्षेप नीतिवाद्यांचा: 'यांना आळसाला निमित्त हवे.' निमित्त फुकट मिळते. त्यासाठी कोणी तासन्‌तास प्रश्नावल्या भरीत नाही, की परक्या माणसापुढे बालपणीच्या फजित्या उकरून काढीत नाही. वर्षानुवर्षे नैराश्याची वा चिंतेची औषधे घेऊनही मूळ कारण हाती न लागल्यामुळे जे थकले आहेत, तेच बहुधा या दारापर्यंत येतात. एडीएचडीवर औषधे आहेत. ऑटिझमवर औषध नाही. परंतु आपला स्वभाव कशाने बनला आहे हे कळले, की काम, विश्रांती आणि नाती यांची मांडणी बदलता येते. दोन्ही बाबतींत प्रथम नीट तपासणी हवी.

या नीतिवाद्यांस एक गोष्ट मोकळेपणाने दिली पाहिजे. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवरून स्वतःचे निदान ठरविणे बरे नव्हे. अपुरी झोप, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य यांतही लक्ष विस्कटते, आणि ते निवडून काढणे तज्ज्ञाचेच काम. परंतु दार बंद ठेवून वर 'रस्त्यात का विचारता?' असे दरडावण्याचा अधिकार आपणांस नाही. मान राखणारी तपासणी म्हणजे मागेल त्यास होकार देणारी तपासणी नव्हे. तिच्यात माणसाचे सांगणे पुरावा म्हणून ऐकले जाते. उत्तर 'नाही' असले तरी ते कारणांसह दिले जाते. आणि 'आहे' असले तर ते कलंकासारखे कानात कुजबुजले जात नाही.

या पुराव्याचा अर्धा भाग आपल्या घरांत दडलेला असतो. बालपणीची हकीकत विचारली की आई म्हणते, 'छे हो, अगदी शहाणा होता!' तिचाही दोष नाही. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ सालच्या ग्रंथात मुलाच्या ऑटिझमचा ठपका आईच्या थंड वागणुकीवर ठेवला होता; १९७७ सालच्या जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेकडे बोट दाखविले आणि तो ठपका पुढे पार मोडीत निघाला. आईच्या मनातली धास्ती मात्र गेली नाही. वस्तुतः मुलाची प्रश्नावली भरता भरता बापास त्यात स्वतःचाच चेहरा दिसावा, यात नवल नाही. आणि 'लाजाळू', 'स्वप्नाळू' म्हणून जिची बोळवण झाली, त्या मुलीस स्वतःच्या मुलाच्या निदानातूनच स्वतःचा थांग लागावा, हेही घडते.

राज्याचे आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशकात आहे. महाराष्ट्रभरच्या भावी डॉक्टरांनी काय शिकावे हे ज्या गावी ठरते, त्या गावातून ही मागणी होणे सर्वथा उचित आहे. प्रौढांचा ऑटिझम आणि एडीएचडी ओळखण्याचे शिक्षण अभ्यासक्रमात नाममात्र नको, भरीव हवे. जिल्हा रुग्णालयात त्यासाठी ठरलेला दिवस हवा. आणि सरकारी मोजपट्टीत प्रौढांसाठी वेगळा विचार हवा. तोवर कुटुंबांनी एवढे करावे: माळ्यावरची जुनी प्रगतिपुस्तके खाली काढावीत. 'हुशार आहे, पण लक्ष नाही', 'कोणात मिसळत नाही' असे शेरे मास्तरांनी केव्हाच लिहून ठेवले आहेत. आपण त्यांवर बिनदिक्कत सह्या केल्या होत्या. आता निदान ते वाचावेत.