अर्थव्यवहार आणि नीती

संपादक महाशय,


कायदा चोख आणि दप्तर साफ असले म्हणजे व्यक्तीच्या नीतीची अर्थव्यवहारास गरज उरत नाही, हा गतांकातील पत्रलेखकांनी अ‍ॅडम स्मिथच्या आधारे मांडलेला सिद्धान्त मला मान्य नाही. कारण १७७६ साली राष्ट्रांच्या संपत्तीची मीमांसा करणाऱ्या याच स्मिथने १७५९ सालीच नैतिक भावनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, आणि १७९० च्या सुधारित आवृत्तीत धनिकांच्या भजनी लागण्याची वृत्ती हेच नीतिभ्रष्टतेचे प्रमुख कारण ठरविले होते. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यास शेतकऱ्यांनी भागभांडवल दिले, ते पोटनियम वाचून नव्हे, माणूस पारखून, असे मी मानतो. पत्रलेखकांनी स्मिथचा तो पहिला ग्रंथ अवश्य वाचावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक