तिसरी लढत

'ग्रज मॅच' (२०१३) या अमेरिकन विनोदी चित्रपटात स्टॅलोन व डी नीरो हे दोन वृद्ध मुष्टियोद्धे झाले आहेत. दोघांनी एकेक लढत जिंकलेली; तिसरी तीस वर्षे अडलेली, कारण मूळ वैर एका स्त्रीवरून. (भाषा कित्येक ठिकाणी असभ्य, मुलांस दाखवू नये.) थकल्या देहांची फजिती पाहून आपण मनमुराद हसतो. परंतु प्रतिस्पर्ध्याचा एक डोळा अंध आहे हे कळताच दुसरा त्या बाजूने प्रहार करणे सोडतो, तेथे हसू आवरते.

आमच्या सुर्ल्याकडेही बांधावरून अबोला धरलेले दोन वृद्ध आहेत. मिस्सा एकच, बाके निराळी. एकाची दृष्टी या पावसाळ्यात फार मंदावली. ते मी दुसऱ्याच्या कानावर घातले आहे.