नातवंडांच्या सुट्टीतला एक तास

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईच्या मोटारी कोल्हापुरात दिसू लागतात. अंबाबाईचे दर्शन, पन्हाळा, नृसिंहवाडी, तांबडा-पांढरा रस्सा आणि परतताना चपला व गूळ, असा बेत ठरलेला असतो. यांपैकी काही कुटुंबांच्या बेतात आणखी एक ठिकाण असते, पण त्याची वाच्यता होत नाही. निघण्याच्या दिवशी सकाळी तासभर वृद्धाश्रमात जायचे. फराळाचा डबा द्यायचा, आजीला नवी साडी द्यायची, व्यवस्थापकांशी दोन शब्द बोलायचे, एक छायाचित्र काढायचे आणि मोटार महामार्गाला लावायची. जन्मदाते ज्या शहरात आहेत, त्याच शहरात मुलगा हॉटेलात उतरतो!

ही माणसे दुष्ट नव्हेत. ती सुशिक्षित आहेत, त्यांच्या घरी नित्य देवपूजा होते आणि बहुधा हे साप्ताहिकही येते. म्हणूनच हे लिहिणे भाग आहे.

वृद्धाश्रमाला ‘आधुनिक वानप्रस्थ’ म्हणण्याची एक सोयीची प्रथा अलीकडे पडली आहे. स्मृतिकारांनी नातवाचे मुख पाहिलेल्या गृहस्थाला वनाचा मार्ग सांगितला खरा; परंतु तो निर्णय त्या गृहस्थाचा होता. घर तो सोडत असे, घर त्याला सोडत नसे. प्रवेशअर्जावर मुलाची स्वाक्षरी असलेल्या वानप्रस्थाचा उल्लेख कोणत्या स्मृतीत आहे?

ज्यांना कोणीच नाही, त्यांना छप्पर हवेच. १९९५ मध्ये युती शासनाने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. कोल्हापुरातही असा आश्रम उभा राहिला. त्या योजनेची आवश्यकता कोणीही नाकारणार नाही. प्रश्न आहे तो मुले-नातवंडे असूनही निराधारांच्या पंगतीत बसलेल्यांचा. त्याचे खापर सुनेच्या माथी फोडून मोकळे होण्याची चालही आता पुरे झाली. आई-वडील मुलाचे असतात.

पाश्चात्त्यांच्या नावाने बोटे मोडणे आपल्याला आवडते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात १९६० मध्ये ‘सन सिटी’ ही निवृत्तांची वसाहत सुरू झाली. तेथील घरात किमान एक रहिवासी ५५ वर्षांचा असावा लागतो आणि एकोणीस वर्षांखालील मुलांना कायम राहता येत नाही. पाहुणा म्हणून आलेल्या नातवाचे दिवससुद्धा मोजले जातात. हे वाचून आपल्याकडील सज्जन हळहळतात. पण तेथील नियमाने नातवाला वर्षाकाठी ९० दिवस मिळतात! कोल्हापूरच्या आजीला कोणत्याही नियमावाचून मिळतो तो एक तास.

संसदेने २००७ मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. सज्ञान नातवंडांचाही समावेश त्याने ‘अपत्य’ या व्याख्येत केला. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये ठरवली. न्यायाधिकरण पैसे देण्याचा आदेश काढू शकते. नातवाने सुट्टीत आजोबांजवळ राहावे, असा आदेश कोण काढणार?

दिवाळीत वृद्धाश्रमात फराळवाटप करणारी मंडळे आणि त्यांत राबणारे कार्यकर्ते यांच्या भावनेविषयी शंका नाही. पण फलक, हार, भाषणे आणि छायाचित्रे यांत त्या वृद्धांचे काय असते? चकलीची उणीव त्यांना क्वचितच असते. कार्यकर्त्यांनी यंदा एक वेगळे काम अंगावर घ्यावे. आश्रमाच्या विश्वस्तांकडे धरणे धरून पाहुण्यांसाठी दोन खोल्या मागाव्यात आणि मुलांना पत्रे पाठवावीत : हॉटेल रद्द करा, चार रात्री येथे राहा. अडचण होईल, हे उघड आहे. स्नानगृह सामाईक असेल, रात्री शेजारून खोकला ऐकू येईल, नऊला दिवे मालवले जातील. नातवाला ते कळू द्या. आपली आजी रोज कसे दिवस काढते, हे त्याला चार रात्रींत जेवढे उमगेल, तेवढे संस्कारवर्गाच्या चार वर्षांत उमगणार नाही.

९, १० व ११ नोव्हेंबरला अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव असतो. ढगांनी आणि नव्या इमारतींनी वाट अडवली नाही, तर मावळतीची किरणे पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना आणि तिसऱ्या दिवशी मुखाला स्पर्श करतात. आजीने तो सोहळा लहानपणापासून पाहिलेला असतो. नातवाला हात धरून दाखवण्याची तिची इच्छा असते. त्यासाठी तीन संध्याकाळी लागतात. वृद्धाश्रमाच्या कार्यालयात दूरध्वनी असतो. खोली आहे का, एवढेच विचारायचे आहे.