शेळीचे दूध : औषध की अन्न?

पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांत डेंग्यूची साथ आली, की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत शेळीच्या दुधाची शोधाशोध सुरू होते. या दुधाने रक्तातील प्लेटलेट वाढतात, अशी समजूत आहे. तिला भक्कम वैद्यकीय आधार नाही. तरीही पेलाभर दुधासाठी वाटेल तो दर मोजला जातो. साथ ओसरली, की शेळी पुन्हा विस्मृतीत जाते.

वस्तुतः शेळीचे दूध हे औषध नव्हे, अन्न आहे. गाई-म्हशीचे दूध वर्ज्य केलेल्या गांधीजींनी १९१९ मध्ये मुंबईत, आजारपणात, कस्तुरबांच्या सूचनेवरून ते स्वीकारले आणि पुढे तो त्यांचा नित्याचा आहारच झाला. त्यातील स्निग्धकण बारीक असतात. मात्र फोलेट कमी असल्याने केवळ याच दुधावर तान्ह्या बालकास वाढवणे घातक ठरते. आणि कच्चे दूध प्यायल्यास ब्रुसेल्लासारखा ज्वर जडू शकतो. घबराटीत दारोदार मिळवलेल्या दुधाविषयी ही दक्षता कोण घेणार?

उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ या महाराष्ट्राच्या शेळ्या दूध थोडे देतात. दिवसाला अर्धा-एक लिटर, आणि त्यावर पहिला हक्क करडांचा. म्हशीशी त्यांची तुलनाच नको. परंतु म्हैस पोसण्याची ऐपत नसलेली भूमिहीन बाई दोन शेळ्या सहज सांभाळते. ‘गरिबाची गाय’ हे बिरुद शेळीला उगाच लाभलेले नाही. आज मुंबईला शेळी ठाऊक आहे ती देवनारच्या पशुवधगृहामुळे, मांसासाठी; तिच्या दुधाला मात्र नियमित गिऱ्हाईक नाही.

थोडे आणि विखुरलेले दूध गोळा करणे परवडत नाही, हा आक्षेप खोटा नाही. पण दुधाची व्यवस्था मागणीच्या पाठोपाठ आपोआप येत नाही, ती उभारावी लागते. १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत स्थापून शहरातील म्हशी तेथे हलवण्यात आल्या आणि निर्जंतुक, तपासलेले दूध केंद्रांवरून घरोघर पोचू लागले. त्यामागील दारा खुरोडी यांना १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कच्छच्या उंटिणीचे दूधही अमूलने २०१९ मध्ये बाजारात आणले. मग शेळीनेच काय पाप केले आहे?

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ शासनाकडे आहे. त्याने एखाद-दुसऱ्या तालुक्यात महिलांचे गट बांधावेत, शीतकरण आणि तपासणीची सोय करावी आणि उपनगरांतील मोजक्या केंद्रांवर ठरावीक दराने वर्षभर दूध विकून पाहावे. असे झाले तर ग्राहकाची लूट थांबेल आणि शेळी पाळणारीच्या हाती रोजचे चार पैसे पडतील. मात्र त्यासाठी गावोगावच्या गोठ्यात उतरावे लागेल. उंटावरून शेळ्या हाकून हे काम होणारे नाही.