मळईची ट्रॉली परत पाठवा

गणपती उठले की आमच्या तासगाव भागात डॉगरिज जातीच्या खुंटांवर द्राक्षाची कलमाची काडी भरायची घाई सुरू होते. याच दिवसांत बंगलेवालेही माझ्याकडे विचारायला येतात. दारात दोन वेल हवेत, शक्यतो सोनाका. आणि विचारणा ठरलेली: मळई, म्हणजे नदीकाठची काळी माती, किती ट्रॉली टाकू? सातारकर माहुलीच्या काठची म्हणतो, सांगलीकर हरिपूरची.

माझं सरळ मत आहे, एकही टाकू नका. हरिपूरच्या जमिनीत हळदीची पेवं पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण ती माती पाणी सहजी आत घेत नाही. २००५ च्या महापुरात पेवं बुडाली, ती गोष्ट वेगळी. हळदीच्या साठ्याला जो गुण, तोच द्राक्षाच्या मुळीला जाच. चिकण काळी माती भिजली की फुगते, तिच्यातली हवा कोंडते आणि पांढरी मुळी कुजते. वर ती ट्रॉली कुणाच्या तरी रानाचा वरचा थर खरवडून आलेली असते, हेही ध्यानात घ्यावं.

तासगाव, कवठेमहांकाळ, खानापूरच्या कितीतरी बागा हलक्या, मुरमाड रानावर उभ्या आहेत. घराच्या पायातून निघालेला मुरूम लोक पैसे देऊन उचलायला लावतात आणि पुन्हा पैसे देऊन मळई आणतात! तोच मुरूम ठेवा, त्यात पोयटा आणि कुजलेलं शेणखत मिसळा. सिमेंटचा राडारोडा मात्र वेचून काढा, त्यात चुना असतो.

चुन्याचं मी मुद्दाम सांगतो. माण, खटाव, जतकडे बऱ्याच ठिकाणी मातीत पांढरे खडे दिसतात. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाका. फसफसून आली तर चुनखडी आहे. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर युरिया ओतून उपयोग नाही. जागा बदला, नाहीतर माती तपासून मग खर्च करा.

जागा ठरली की दोन फूट खड्डा काढा, संध्याकाळी पाण्यानं भरा. सकाळी पाणी तसंच उभं दिसलं तर तिथे खुशाल कर्दळ लावा, आणि वेलासाठी अंगणाचा उंचवटा शोधा.