अंतर हवेतले, वेळ घरापासूनची

आपला व्यापारी वर्ग हिशेबात सहसा फसत नाही. माळव्याचा गहू मागविताना केवळ इंदूरच्या बाजारभावावर तो भुलत नाही. हमाली, बारदान, भाडे व तूट धरून माल आपल्या वखारीत काय भावाने पडतो, हेच तो पाहतो. विमानप्रवासाची गोष्ट निघाली म्हणजे मात्र हा चोख हिशेब बाजूला राहतो आणि तिकिटावर छापलेली उड्डाणाची वेळ हीच प्रवासाची वेळ मानली जाते.

बेळगावचा सांबरा विमानतळ आणि इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ यांचेच उदाहरण घेऊ. सरळ हवाई रेषेने हे अंतर सुमारे 775 किलोमीटर भरते. सडकेने ते 900 च्या पुढे जाते. ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाचे पंख्याचे विमान हा पल्ला दोन तासांच्या आत गाठील, जेट विमान दीड तासात. परंतु रविवार पेठेतून सांबऱ्यास जाणे, तपासणीसाठी आधी पोहोचणे, उतरल्यावर सामान घेऊन शहरात शिरणे, हे सारे धरता पाच तास सहज होतात. तरीही एका दिवसात व्यवहार उरकतो, हा लाभ लहान नव्हे.

थेट विमान नसेल तर चित्र पालटते. मुंबईमार्गे हवाई अंतर सुमारे 910 किलोमीटर होते, हैदराबादमार्गे 1100, आणि बंगळूरमार्गे तर 1500 च्या वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. उत्तरेस जाण्यासाठी आधी दक्षिणेची वाट धरावी लागते! शिवाय मधल्या विमानतळावरील खोळंबा वेगळाच. बावनगजाच्या दर्शनास निघालेल्या वृद्ध मातापित्यांना, अथवा माहेरी येणाऱ्या लेकीला, हा फेरा किती जाचक होतो, हे सांगावयास नको.

या दोन शहरांमध्ये 2020 साली केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेखाली थेट सेवा सुरू झाली होती. या योजनेत विमान कंपनीची तूट भरून देण्याची मुदत तीन वर्षांची असते. पुढे मार्ग टिकतो तो प्रवाशांच्या बळावर. अनुदानाच्या आधारावर दुकान फार दिवस चालत नाही, हे आम्हां भुसार व्यापाऱ्यांना कोणी शिकवावे असे नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, केवळ निवेदने देऊन संघाने थांबू नये. वर्षाकाठी किती सभासद, कोणत्या महिन्यांत, कोणत्या गावी जातात, याची नोंद पेढीपेढीतून घ्यावी आणि तो आकडा विमान कंपन्यांपुढे ठेवावा. मागणी दाखविली म्हणजे पुरवठा येतो, हा बाजाराचा जुना नियम आहे.

आपले मुनिमहाराज पायी विहार करतात. त्यांना घाई नाही. आपणांस ती आहे, तर तिचा हिशेबही आपणच मांडावयास हवा.