डॅशबोर्ड आणि तिकिटांची वही : मालाडच्या छोट्या कंत्राटदारांनी काय जोडावे, काय जोडू नये

मालाड म्हटले की जुन्या माणसाला एस. व्ही. रोडची दुकाने, मार्वे रोड आणि मालवणीची वस्ती आठवते. आजच्या तरुणाला मात्र लिंक रोडजवळचे माइंडस्पेस आठवते. २००० नंतरच्या दशकात तेथे कॉल सेंटरे आणि संगणक कंपन्या आल्या, आणि त्यांच्या मागोमाग एक नवा धंदा उभा राहिला. कंपन्यांचे संगणक, नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळण्याचे कंत्राट घ्यायचे, चार-आठ मुले हाताशी ठेवायची आणि रात्रपाळी-दिवसपाळी लावून काम करायचे, असा हा धंदा आहे. आपल्या समाजातील कितीतरी मुले या कामात आहेत. काहींनी स्वतःच्या छोट्या फर्म काढल्या आहेत. भांडवल कमी लागते, हुन्नर जास्त लागतो. म्हणून हा धंदा आपल्याला मानवणारा आहे असे आम्हाला वाटते.

परंतु या धंद्यात एक नवा प्रश्न उभा राहिला आहे आणि त्याकडे आपले लोक पुरेसे लक्ष देत नाहीत. तो प्रश्न आहे दोन वह्यांचा.

पहिली वही कंत्राटदाराची. सर्व्हर चालू आहे की बंद, डिस्क किती भरली, लाइन कितीदा तुटली हे दाखवणारा फलक, म्हणजे डॅशबोर्ड. टॉर्केल ओडेगार्ड या स्वीडिश प्रोग्रामरने तयार केलेले आणि २०१४ साली बाहेर आलेले 'ग्राफाना' हे साधन या कामासाठी फार वापरले जाते. त्याची मूळ आवृत्ती फुकट मिळते.

दुसरी वही ग्राहकाची. कंपनीतील कर्मचाऱ्याने तक्रार केली की तिचे 'तिकीट' निघते. ते कोणाकडे गेले, किती वाजता उघडले, किती वाजता बंद झाले, याची नोंद तेथे होते. या व्यवस्थेला आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट म्हणतात. तिचे नियम १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या एका संगणक संस्थेने 'आयटिल' या नावाने बांधायला घेतले. आज मोठ्या कंपन्यांकडे अमेरिकेची 'सर्व्हिसनाऊ' असते, कोणाकडे 'बीएमसी' असते, आणि या बीएमसीचे मोठे विकासकेंद्र आपल्या पुण्यातच आहे. चेन्नईत जन्मलेल्या 'फ्रेशसर्व्हिस' आणि झोहोच्या 'सर्व्हिसडेस्क प्लस' यांचाही वापर होतो.

महत्त्वाची गोष्ट ही की दुसरी वही कंत्राटदाराच्या हातात नसते, आणि दंड मात्र त्याच वहीवरून ठरतो.

समजा, रात्री एक वाजून दहा मिनिटांनी सर्व्हर बंद पडला. पाळीवरच्या मुलाने चाळीस मिनिटांत तो चालू केला. कंत्राटदाराच्या फलकावर चाळीस मिनिटांची नोंद झाली. परंतु ग्राहकाच्या वहीतील तिकीट कोणी बंद केले नाही, ते सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी बंद झाले. तेथे नोंद पडली पाच तास दहा मिनिटांची. करारात मर्यादा चार तासांची. महिन्याचे बिल दोन लाखांचे आणि दंड दहा टक्के धरला तर वीस हजार रुपये गेले. काम वेळेत झाले, पण ते वहीत उतरले नाही. छोट्या फर्ममध्ये हे वीस हजार मालकाच्या खिशातून जात नाहीत. बहुधा ते त्या रात्री जागलेल्या मुलाच्या पगारातून जातात. आम्ही हा विषय या पानावर घेतला तो एवढ्यासाठीच.

उपाय काय? दोन्ही वह्या जोडणे. आणि ही जोडणी फार अवघड नाही. प्रत्येक मोठी तिकीट व्यवस्था 'एपीआय' नावाचा दरवाजा ठेवते. त्यातून एक प्रोग्राम दुसऱ्याकडे माहिती मागू शकतो किंवा देऊ शकतो. म्हणजे जोडणीला दोन दिशा आहेत. पहिली दिशा वाचण्याची : ग्राहकाकडील उघडी तिकिटे, त्यांचे वय आणि त्यांची निकड आपल्या फलकावर दिसणे. दुसरी दिशा लिहिण्याची : आपल्या फलकावर इशारा आला की ग्राहकाच्या व्यवस्थेत तिकीट आपोआप उघडणे, आणि दोष गेला की त्याची नोंद होणे.

आमचे स्पष्ट मत असे की छोट्या कंत्राटदाराने आधी फक्त वाचण्याची जोडणी करावी. लिहिण्याची जोडणी नंतर, दोन-तीन महिने पहिली नीट चालल्यावर. बाजारात उलट चालते. आपोआप तिकीट काढण्याची जादू ग्राहकाला दाखवून कंत्राट मिळवण्याची घाई असते. त्यातून काय होते ते १२ ऑक्टोबर २०२० च्या उदाहरणावरून समजून घ्यावे. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील वीज एकदम गेली. अशा वेळी शंभर यंत्रांचे शंभर इशारे येतात. प्रत्येकाचे वेगळे तिकीट निघू दिले तर एका कारणाची शंभर तिकिटे होतात. ती बंद करता करता मुले थकतात आणि खरी तातडीची तक्रार त्या ढिगात गाडली जाते. म्हणून एका कारणाचे इशारे एकत्र बांधणे आणि तोच इशारा पुन्हा आला तर जुन्याच तिकिटात भर घालणे, एवढे जमल्याखेरीज लिहिण्याचा दरवाजा उघडू नये.

वाचण्याच्या जोडणीतही खाचखळगे आहेत. तीन मुख्य सांगतो.

एक, घड्याळ. सर्व्हिसनाऊ तारीख-वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे एक तारखेच्या रात्री एक वाजून दहा मिनिटांचे तिकीट तेथे आदल्या दिवशीच्या सायंकाळी सात वाजून चाळीस मिनिटांवर, म्हणजे मागच्या महिन्यात, जाऊन बसते. मालाडचा हा धंदा रात्रपाळीचा. हे रूपांतर विसरले तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे सारे काम चुकीच्या दिवशी मांडले जाईल.

दोन, शून्य. जोडणी तुटली, पासवर्डची मुदत संपली, तरी अनेक फलक उघड्या तक्रारी 'शून्य' दाखवतात. तक्रार नसणे आणि माहिती न मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती आली नाही तर फलकाने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे आणि शेवटची माहिती किती वाजता आली हेही दाखवले पाहिजे.

तीन, अर्धवट यादी. दरवाजातून एका वेळी ठरावीक ओळीच बाहेर येतात. पुढचे पान मागितलेच नाही तर उरलेली तिकिटे मोजलीच जात नाहीत, आणि आकडा सुंदर दिसतो.

आता जोडणीतून काय मिळते तेही पाहू. माइंडस्पेसचा परिसर जुन्या कचराभूमीच्या जागी आणि आसपास उभा राहिला. तेथील वायूंमुळे संगणकांचे भाग लवकर खराब होतात अशा तक्रारी त्या काळी जाहीरपणे झाल्या. कचरा कुजताना हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, आणि तो तांबे आणि चांदी काळी पाडतो, हे रसायनशास्त्राचे साधे सत्य आहे. अशा ठिकाणी आज एक कार्ड गेले, परवा दुसरे गेले, अशी सुटी तिकिटे कोणाला काही सांगत नाहीत. परंतु तिकिटांची यादी, खोलीचे तापमान आणि हवेतील ओलावा एकाच फलकावर तारखेनुसार शेजारी ठेवले, तर दोष मुलाच्या हातात आहे की हवेत, याचा विचार तरी सुरू होतो. दुरुस्ती करणारा आणि कारण शोधणारा यांत फरक असतो, आणि बाजारात मोल दुसऱ्याला अधिक मिळते.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की हे महाग आहे. वास्तविक पाहता सर्व्हिसनाऊसाठीची ग्राफानाची तयार जोडणी फुकट मिळणाऱ्या मूळ आवृत्तीत मिळत नाही, हे खरे. परंतु एपीआयमधून साधी माहिती वाचणारा छोटा प्रोग्राम दोन शिकलेली मुले लिहू शकतात. सरावासाठी सर्व्हिसनाऊ शिकणाऱ्यांना फुकट जागा देते, आणि 'जीएलपीआय'सारखी मुक्त तिकीट व्यवस्था जुन्या संगणकावरही चालवून पाहता येते. खर्च पैशांचा कमी आणि मेहनतीचा जास्त आहे.

दुसरा आक्षेप, ग्राहक आपल्या वहीत डोकावू देत नाही. आमचे म्हणणे असे की ज्या वहीवरून दंड कापायचा ती वही दुसऱ्या पक्षाला दिसू नये, हा न्याय नव्हे. तराजू एकाच्या हाती आणि दुसऱ्याचे डोळे बांधलेले, अशा व्यवहाराला आपल्या दीनमध्ये जागा नाही. मापात खोट करणाऱ्यांविषयी कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे. सूरह अल-बकराची २८२ वी आयत, जी कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. लेखन दोन्ही पक्षांच्या रक्षणासाठी असते. तिकीट हेही तसे लेखनच आहे. म्हणून करार करतानाच आपल्या कामाची तिकिटे वाचण्याचा अधिकार लेखी मागावा. सही झाल्यावर मागणारा याचक ठरतो.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मनात असतो : जोडणी झाली तर आपल्याही चुका दिसतील. दिसू द्याव्यात. बाहेरून सारे हिरवे आणि आत ग्राहक संतापाने लाल, अशा अहवालाला या धंद्यात कलिंगड म्हणतात. कलिंगड दाखवून एक वर्ष निघते, दुसऱ्या वर्षी कंत्राट जाते आणि नावही जाते.

येथे मालकवर्गालाही एक गोष्ट सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. हा फलक मुलांच्या पाठीवर चाबूक म्हणून वापरू नये. कोणी किती तिकिटे बंद केली एवढ्याच आकड्यावर पगार ठरवला, तर मुले सोपी तिकिटे आधी उचलतील, अवघड पुढे ढकलतील आणि न सुटलेली तक्रारही बंद करून टाकतील. तिकिटांची संख्या म्हणजे कष्टाचे माप नव्हे. पुन्हा उघडलेली तिकिटे, अवघड कामे, रात्रीचे तास हे सारे पाहूनच माणसाची किंमत करावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट किल्लीची. पुष्कळ ठिकाणी घाईत ग्राहकाचा अधिकारी आपला सर्वाधिकाराचा पासवर्ड देऊन मोकळा होतो आणि आमची मुले तो आनंदाने घेतात. तो घेऊ नये. जोडणीसाठी स्वतंत्र खाते मागावे, त्याला फक्त वाचण्याची आणि फक्त आपल्या कामाच्या तिकिटांची परवानगी असावी. तिकिटांत कर्मचाऱ्यांची नावे, फोन, कधी कधी आजारपणाची रजाही लिहिलेली असते. ज्याची गरज नाही ते आपल्या फलकावर आणूच नये. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. हे नियम आपण लहान आहोत म्हणून आपल्याला सोडत नाहीत.

कायद्याच्याही पलीकडे पाहिले तर किल्ली ही अमानत आहे. मक्केतील लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांना प्रेषितत्वापूर्वीपासून 'अल-अमीन' म्हणत आणि आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवत. हिजरतच्या रात्री, जिवावर उठलेल्या शहरातून बाहेर पडतानाही, त्या ठेवी ज्याच्या त्याला परत देण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. यातून आपल्या धंद्याने घ्यायचा धडा सरळ आहे. कंत्राट संपले, अगदी भांडणाने संपले, बिल अडकले, तरी जोडणीचे खाते त्याच दिवशी बंद करून घ्यावे, साठवलेली माहिती करारानुसार परत द्यावी किंवा पुसावी आणि तसे लेखी कळवावे. अडकलेल्या बिलासाठी किल्ली दाबून ठेवणे आम्हाला मान्य नाही. बिलासाठी वेगळे मार्ग आहेत.

तात्पर्य, मालाडमधील ज्या बांधवांची अशी फर्म आहे त्यांनी येत्या नूतनीकरणापूर्वी चार कामे करावीत. ग्राहकाच्या वहीतील गेल्या तीन महिन्यांची तिकिटे मागून आपल्या नोंदींशी ताडून पाहावीत. तिकीट 'सुटले' केव्हा आणि 'बंद' केव्हा, यांपैकी कोणत्या वेळेवर दंड मोजायचा हे करारात लिहून घ्यावे. फक्त वाचण्याचे स्वतंत्र खाते मागावे. आणि एक-दोन मुलांना एपीआय शिकण्यासाठी आठवड्यातून काही तास मोकळे करावे. स्क्रू-ड्रायव्हरने सुरू झालेला हा हुन्नर आता हिशेबाच्या हुन्नराकडे जात आहे. जो हिशेब दोघांना दिसेल असा ठेवील त्याचा धंदा टिकेल, आणि त्यात बरकतही राहील, इन्शाअल्लाह.